पाश्केविल : भित्तिपत्रक, निषेधपत्रक की पुणेरी पाटी?

प्रश्न : जेरुसलेमच्या मेआ शेआरीम या कर्मठ ज्यूंच्या वस्तीत भिंतींवर डकवलेल्या जाहीर कागदाला 'पाश्केविल' म्हणतात. त्यासाठी 'भित्तिपत्रक' हा प्रतिशब्द चालेल का, की 'पुणेरी पाटी' म्हणू? अनेकवचन काय करावे?

उत्तर : अपुरा वाटतो. भित्तिपत्रक नाटकाचेही असते. इथे सूर इशाऱ्याचा नाहीतर धिक्काराचा असतो, आणि पुष्कळदा खाली सही नसते. रोममध्ये १५०१ साली 'पास्क्विनो' नावाचा एक मोडका पुतळा उभा केला गेला. पोपची टर उडवणाऱ्या ओळी लोक त्याला चिकटवत. त्या नावावरून पोलिश 'पाश्क्विल' झाला आणि यिद्दिशमार्गे (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) हिब्रूत आला. 'निषेधपत्रक' जवळचा आहे, पण मूळ शब्दच ठेवावा. हिब्रू अनेकवचन पाश्केविलीम. मराठीत 'पत्रक'सारखे नपुंसकलिंगी धरून 'पाश्केविले' करावे.

उत्तर : पुणेरी पाटी तर मुळीच नको. पाटी घरमालकाची, स्वतःच्या दारावरची. हे रातोरात सार्वजनिक भिंतीवर डकवतात आणि विरोधक त्यावर आपले डकवतात किंवा ते फाडतात. आणखी एक घोळ : काळ्या चौकटीतली निधनवार्ता (मोदाआत एवेल) त्याच भिंतीवर असते, पण ती पाश्केविल नव्हे.

सही असेल तर वाचताना आधी ती पाहावी. शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधी दोन तिरप्या खुणा असल्या की ते संक्षिप्त रूप. धर्मगुरूच्या नावापुढे 'श्लिता' असेल तर तो हयात, 'झत्साल' असेल तर आपल्याकडचा 'कै.' समजा. या दोन्हींची गल्लत करून जिवंत माणसाला मारणारी भाषांतरे होतात.

प्रश्न : कर्मठ ज्यूंच्या सैन्यभरतीच्या वादात 'गेझेरा' येतो. 'आदेश' लिहू? आणि बहिष्काराच्या 'हेरेम'ला काय म्हणू?

उत्तर : नको. सरकारी आदेशाला हिब्रूत 'त्साव' आहे. 'गेझेरा' म्हणजे जुलमी राजवटीने ज्यूंवर लादलेले फर्मान, त्यामुळे शब्द वापरताच इस्रायली सरकार त्या जुलमी राजांच्या रांगेत बसते. १९४८ मध्ये सुमारे ४०० धर्मविद्यार्थ्यांना भरतीतून सूट मिळाली. पुढे तो आकडा कैक पटींनी वाढला, आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या आधाराविना ही सूट चालणार नाही असे ठरवले. 'नामूत वेलो नितगायेस' ही घोषणा 'मरू, पण भरती होणार नाही' अशीच ठेवावी. 'प्राण गेले तरी बेहत्तर' केले की उगाच ऐतिहासिक नाटक होते.

उत्तर : 'हेरेम'साठी मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे : वाळीत टाकणे. शिवाय 'हेरेम' आणि अरबीतून आपल्याकडे आलेला 'हराम' एकाच सेमिटिक धातूचे.

प्रश्न : शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रामदिनी, वस्तीत मोटार शिरली की पोरे 'शाबेस!' ओरडतात, तिथे 'शब्बाथ'?

उत्तर : निवेदनात 'शब्बाथ' ठेवा, तो मराठी बायबलातून रुळलेला आहे. आरोळीत 'शाबेस'च हवा. तो यिद्दिश उच्चार आहे. तेल अवीवचा माणूस 'शब्बात' म्हणेल. ओरडणारा कोणत्या गोटातला, ते त्या एका 'स'वरून कळते.