‘सगळं ओटीटीवर मिळतं’ म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

माळ्यावरचा

परवाच्या स्मार्ट टीव्हीच्या धाग्यावर ‘रोखठोक’ यांनी प्रतिसाद टाकला होता: "घरी मीडिया सर्व्हर वगैरे रिकामटेकड्यांचे उद्योग. महिन्याला चार-पाचशे रुपये फेका, सगळं ओटीटीवर मिळतं. जे मिळत नाही ते या मंडळींनी ढापलेलं असतं." (मीडिया सर्व्हर म्हणजे आपले सिनेमे-नाटकं साठवून घरच्या टीव्ही-मोबाईलवर दाखवणारा घरचाच संगणक.) तिथे उत्तर दिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून वेगळा काढतोय.

सगळं मिळतं ना? मग व्हीसीडीवर आलेली मराठी नाटकं शोधून दाखवा. माझ्याकडे त्यांचं एक खोकं आहे. एकेका नाटकाच्या दोन-दोन, तीन-तीन चकत्या, विकत घेतलेल्या. २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी काढल्या तेव्हाचे सिनेमेही त्यातच आहेत. यातलं बरंचसं आज कुठल्याच ओटीटीवर नाही. जे आहे ते कधी गायब होईल ते त्यांच्या करारांवर, आपल्या वर्गणीवर नाही. प्राइमने १७ जून २०२५ पासून पैसे भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ मागितले. याला तुम्ही ‘मिळणं’ म्हणता, मी भाडेकरूपण म्हणतो.

खर्चाचं म्हणाल तर एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घेतलाय. वहीएवढा डबा, टीव्हीच्या मागे बसतो. त्यावर जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर, फुकट. सरासरी १० वॅट धरले तर महिन्याला सव्वासात युनिट. यात रिकामटेकडेपणा कुठे आला?

रोखठोक

नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता तुमचा खरा हिशोब मांडा. मिनी पीसी, हार्ड डिस्क, चकत्या उतरवायला बाहेरचा ड्राइव्ह, हे झालं भांडवल. त्यात तुमचे शनिवार-रविवार धरलेच नाहीत. आणि खोकंभर व्हीसीड्यांसाठी कोणी सर्व्हर थाटत नाही हो. मी असे चार सर्व्हर पाहिलेत. पहिल्या फोल्डरात बाबांची नाटकं, बाकीच्या चार टीबीत परवा थिएटरात लागलेले पिक्चर. नाटकं ही दर्शनी पाटी आहे.

माळ्यावरचा

चार सर्व्हर पाहिलेत म्हणजे चार घरी बसून तेच पिक्चर बघितलेतही, असं धरू का?

रोखठोक

वैयक्तिक व्हायची गरज नाही. मुद्दा झोंबला की असं होतं.

सर्व्हरवाल्याची_बायको

इथे सगळे पुरुष वॅट आणि टीबी मोजतायत म्हणून लिहिते. आमच्याकडे हा संसार चार वर्षं आहे. नुसत्या सर्व्हरवर भागलं नाही. जाहिराती अडवायला यांनी रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या संगणकावर पाय-होल हे सॉफ्टवेअर बसवलं आणि राउटरमध्ये सगळ्या घराचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायचं काम) त्याच्याकडे वळवलं. हे गेले ऑफिसच्या कामाला बंगळूरला. मागून त्या पायचं मेमरी कार्ड मेलं. वायफायच्या पूर्ण कांड्या दिसतायत, पण एक पान उघडत नाही. मुलाची ऑनलाइन परीक्षा, सासूबाईंची मालिका, माझी मीटिंग, सगळं ठप्प. हे फोनवर मला सांगतायत, "१९२.१६८ टाक, मग लॅन सेटिंग, मग डीएचसीपी." मी मोबाईलचा हॉटस्पॉट लावला आणि फोन ठेवला.

सर्व्हर चांगला की वाईट, मला माहीत नाही. पण ज्याचा पासवर्ड आणि अक्कल एकाच माणसाच्या डोक्यात आहे अशा गोष्टीवर अख्खं घर टांगू नये. ओटीटीला निदान कस्टमर केअर असतं, ते उचलत नसले तरी.

रोखठोक

ताई, साष्टांग दंडवत. माझं म्हणणं हेच.

सर्व्हरवाल्याची_बायको

नाही, तुमचं म्हणणं ते नव्हतं. तुम्ही लोकांना चोर म्हणालात. मी नवऱ्याला बेजबाबदार म्हणतेय. मी म्हटलं तर चालतं.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे प्रश्न वेगळाच. पावसाळ्यात व्हीएचएसच्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. बहिणीच्या लग्नाची कॅसेट गावातल्या स्टुडिओवाल्याने लावली आणि त्याच्या व्हीसीआरचं हेडच खराब झालं. तेव्हा ज्याला जे उतरवायचंय त्याने आधी उतरवून घ्यावं, भांडणं मागाहून करावीत. मिनीडीव्हीच्या (जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या) टेपा असतील तर फायरवायर केबलने घ्या, तासाला १३ जीबी लागतात, पण चित्र जसंच्या तसं येतं.

आणि माळ्यावरचे भाऊ, रेड लावून (दोन्हींवर एकच माल राहील अशा) दोन डिस्का जोडल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. एकीवरून डिलीट केलंत की दुसरीवरूनही त्याच क्षणी जातं. एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवा.

तारकरी

डिस्का, रेड ठीक आहे, पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही: वायफाय. वायफायवर सर्व्हर चालवणारा माणूस रडतोच. आमच्या जुन्या इमारतीत नऊ इंची भिंती आहेत. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत अर्धमेला होतो, आणि २.४ च्या पट्ट्यावर आजूबाजूचे सगळे शेजारी चढून बसलेले असतात. कॅट६ ही नेटवर्कची केबल ओढा. रंगकाम निघालं असेल तेव्हाच वेगळा पाइप टाकून घ्या. लाइटच्या वायरींच्या पाइपातून लॅन ओढू देऊ नका, वायरमन कितीही म्हणाला "काय होत नाय साहेब" तरी.

आठवा_मजला

भाड्याच्या घरात भिंत फोडू का? मालक एका खिळ्याचे पैसे डिपॉझिटमधून कापतो. मेश (वायफाय खोल्या-खोल्यांत पुढे पोचवणारे डबे) लावलंय, झक्कास चालतं.

तारकरी

मेश म्हणजे पैसे मोजून निम्मा स्पीड. दोन डब्यांमध्ये बोलायला आणि तुमच्या टीव्हीशी बोलायला तोच रेडिओ. दुकानदार हे सांगत नाही.

आठवा_मजला

ट्राय-बँडमध्ये डब्यांना आपापसात बोलायला वेगळा रेडिओ असतो. हे तुम्हाला दुकानदाराने सांगितलं नसावं.

तारकरी

त्या वेगळ्या रेडिओलाही तीच भिंत लागते. किंमत दुप्पट मोजून भिंत तीच!

जुना_वायरमन

(नाव नुसतंच नाही, धंदा हाच होता.) तारकरी साहेब, केबल ओढा म्हणताय, पण कुठली? बाजारात कॅट६ म्हणून सर्रास सीसीए खपते. अ‍ॅल्युमिनियमची तार, वरून तांब्याचा मुलामा. ओळखायची असेल तर एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली की बंडल परत करा. ही दोनदा वाकवली तर तुटते, भिंतीत तुटली की शोधत बसा.

दुसरं, इंटरकॉम करणारी पोरं आठ तारांतल्या चारच जोडतात. लाइट लागतो, नेट चालतं, सगळे खूश. पण गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) चारही जोड्या लागतात. दोनच जोडल्या तर मुकाट १०० वर चालतं. ग्राहकाला वर्षानुवर्षं कळत नाही. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर ‘डेटा पॉइंट’ म्हणून जो चौकोन देतो, तो एकदा उघडून बघा, मागे नुसता पाइपच असतो, केबल नसते.

तारकरी

सहमत. म्हणून मी खरं तांबं तपासूनच घेतलं. चारही जोड्या टेस्टरवर बघितल्या. टीव्हीलाही थेट केबल. फोर-के डिस्कवरचा सिनेमा एकदा नाही अडकला पाहिजे, हा माझा हट्ट.

आठवा_मजला

टीव्हीला केबल? टीव्हीचं मॅन्युअल वाचलंत का? बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो, महागड्यांचासुद्धा. फोर-के डिस्कची उतरवलेली फाइल मोठ्या दृश्यांत १०० च्या वर उड्या मारते. त्याच टीव्हीचं ५ गिगाहर्ट्झ वायफाय त्याहून जास्त ओढतं. म्हणजे भिंत फोडून, तांबं तपासून, आठही तारा जोडून, शेवटच्या वीतभरात तुम्ही स्वतःच बूच मारलंय.

तारकरी

…

बरं. टीव्हीपुरतं तुमचं वायफाय जिंकलं. पेढे वाटा. सर्व्हर आणि राउटर यांच्यातली केबल मात्र मी काढणार नाही.

आठवा_मजला

ती काढा असं म्हटलंच कोणी? पेढे कंदी चालतील.

सातासमुद्रापार

न्यूजर्सीहून. आईबाबांच्या पुण्याच्या घरी असाच डबा ठेवलाय, आम्ही इकडून बघतो. त्यात मोठी अडचण स्पीडची नाही, पत्त्याची आहे. भारतात बऱ्याच कंपन्या घरगुती जोडणीला सीजीएनएटीच्या मागे ठेवतात, म्हणजे अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला आकडा दिसला की समजा, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायची वाट उघडणं) कितीही करा, बाहेरून कोणी येऊ शकत नाही. स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतंत्र पत्ता) मागितला तर आईला "बिझनेस प्लॅन घ्या" म्हणून सांगितलं. शेवटी टेलस्केल हे दोन घरं खाजगी जोडणीने जोडणारं सॉफ्टवेअर टाकलं, पाच मिनिटांत झालं. आधी जेलीफिनसारखंच प्लेक्स होतं, पण २९ एप्रिल २०२५ पासून त्यांनी घराबाहेरून बघायला पैसे लावले. घरबसल्या बघणाऱ्यांना फरक पडत नाही, आम्हाला पडला.

रोखठोक यांच्या चोरीच्या मुद्द्यावर: इकडे अमेरिकेत स्वतः विकत घेतलेल्या डीव्हीडीचं कॉपी रोखणारं कुलूप तोडणंसुद्धा कायद्यात बसत नाही. भारतात तसं सरसकट नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५ए हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला धरतं, आणि कलम ५२ मध्ये खाजगी वापराला जागा आहे. व्हीसीडीला तर डीव्हीडीसारखं कुलूपच नसतं. तेव्हा सरसकट ‘ढापलेलं’ म्हणू नका.

रोखठोक

वा, वकीलही आले. खाजगी म्हणजे स्वतःच्या घरात. पुण्यातल्या डब्यावरून न्यूजर्सीत तुम्ही, तुमचे सासरचे आणि मंडळातले मित्र बघतात ते कितपत खाजगी?

सातासमुद्रापार

मित्र कुठे म्हटलं मी?

रोखठोक

म्हटलं नाहीत. बघतात की नाही ते सांगा.

रत्नांग्रीकर

उत्तर येत नाही म्हणजे बघतात. चला, पुढे.

माळ्यावरचा

रोखठोक, तुमचा हा एक मुद्दा मान्य, नाखुशीने. पासवर्ड गावभर वाटला की तो घरचा सर्व्हर उरत नाही, तो केबलवाला होतो. पण दोन सुऱ्या पाजळणारे असतात म्हणून स्वयंपाकघरातून सुरी हद्दपार करत नाही आपण. आणि तुम्ही अजून नाटकांचं उत्तर दिलेलं नाही.

रोखठोक

नाटकांपुरतं ठीक आहे. तेवढंच. ‘रिकामटेकडे’ मागे घेत नाही, पुराव्यासाठी वरचं केबलपुराण वाचावं.

सर्व्हरवाल्याची_बायको

मीही तेच वाचत होते. हे सगळं ज्या व्हीसीड्यांवरून सुरू झालं त्यांचं चित्र ३५२ बाय २८८ असतं आणि चित्र-आवाज मिळून दीड एमबीपीएससुद्धा लागत नाही. हे मला यांनीच सांगितलंय, जेवताना. त्यासाठी तुम्ही तांबं खरवडताय?

जुना_वायरमन

ताई, तेवढ्याला सीसीए पण चालंल. कोणाला सांगू नका.

तारकरी

उद्या फोर-के नाटकं आली म्हणजे?

आठवा_मजला

आधी तुमच्या टीव्हीचा पोर्ट येऊ दे.

सुभाष_नगर_गल्ली_३

पुरे करा की आता. मला खरंच उतरवायच्यात व्हीसीड्या. जुना डेस्कटॉप पडलाय, तोच सर्व्हर म्हणून चोवीस तास ठेवू का? आणि तीन चकत्यांचं एक नाटक जेलीफिनमध्ये तीन वेगळे सिनेमे म्हणून दिसेल ना?

माळ्यावरचा

डेस्कटॉप उतरवण्यापुरता वापरा, चोवीस तास नको. ७० वॅट खात असेल तर महिन्याला ५० युनिट झाले. तुमचं बिल १०० युनिटच्या आसपास असेल तर ते दराच्या वरच्या स्लॅबमध्ये जाईल.

विंडोजवर चकती टाकली की ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरात ‘.डॅट’ फाइल दिसेल, ती कॉपी करा, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. लिनक्सवर ही साधी कॉपी होत नाही, एरर देतं, त्याला व्हीसीडीएक्सरिप हा प्रोग्राम वापरा. मध्येच अडकली तर चकती मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही.

नावांचं म्हणाल तर एका नाटकाच्या सगळ्या फाइली एकाच फोल्डरात ठेवा. फोल्डरचं आणि फाइलींचं नाव तेच, आणि फाइलींच्या शेवटी ‘-सीडी१’, ‘-सीडी२’ असं, हे मात्र रोमन लिपीत. मग जेलीफिन तिन्ही मिळून एकच धरतं आणि एकामागून एक लावतं. पोस्टर आणि माहिती मात्र आपोआप येणार नाही, किंवा भलत्याच हिंदी सिनेमाची येईल. ती हाताने भरा आणि कुलूप लावा, नाहीतर पुढच्या स्कॅनला परत तोच हिंदी सिनेमा येऊन बसतो.

रोखठोक

मोजा, किती शनिवार झाले.