रविवारचं जेवण: भात किती वाजता लावायचा?

प्रेषक: सेक्रेटरी

मंडळी, आचाऱ्यांशी बोललो. बेळगावच्या शहापुरात पहाटे पाचला भात लावणार, आठला टेम्पो भरणार, नऊपर्यंत टिळकवाडीत हॉलवर. पान दीडला वाढायचं ठरलंय. गेल्या वेळची भाषणं आठवत असतील तर अडीच धरा. हॉलवाले आत गॅस पेटवू देत नाहीत, मागच्या आवाराबद्दल धड हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. आमटी-भाजीचं बघता येईल, पण दीडशे पानांचा भात पाचपासून दीडपर्यंत ठेवायचा कसा? आज रात्रीपर्यंत कळवा, त्यांना उद्या तांदूळ उचलायचाय.

प्रेषक: शहापूरचे अण्णा

भाताला काय होतंय? आमच्या गल्लीत पाचशे पानं उठायची. पहाटे भात शिजवून चटईवर धोतर अंथरून रास घालायचे, वर ओलं फडकं. लहानपणापासून मी तोच भात खाल्लो, काय झालं नाही. हिंडलग्याला जे झालं ते पनीरनं झालं. मी तेव्हाच सांगितलो होतो, पनीर नको म्हणून. आणि आचारी माझ्या ओळखीचा हाय, त्याच्याशी परस्पर बोलू नका, माझ्यातर्फे बोला.

प्रेषक: डॉक्टर वहिनी

अण्णा, हिंडलग्याला पनीर न खाल्लेल्यांनाही उलट्या झाल्या. जेवून दोन-तीन तासांत सुरू, ताप नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहा मागताहेत. नमुना कुणी ठेवला नव्हता, तेव्हा छातीठोकपणे सांगता यायचं नाही, पण माझा संशय भातावर आहे.

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूंचे बीजाणू असतात. भात उकळला तरी ते मरत नाहीत. भात कोमट झाला की ते उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या होतात त्या या विषाने, अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत. एकदा विष तयार झालं की भात परत वाफवून काही उपयोग नाही, ते उष्णतेला दाद देत नाही. म्हणून 'दीडला एक वाफ काढू' हा तोडगा चालणार नाही.

नियम एवढाच: शिजलेलं अन्न 60 अंशांच्या वर तरी ठेवा, नाहीतर 5 अंशांच्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांच्या वर नको. गल्लीतला भात रास घातल्यावर किती वेळात पानात पडायचा, ते आठवून बघा. पंगत तयारच बसलेली असायची. आपल्याकडे आधी दीपप्रज्वलन, मग मनोगतं.

प्रेषक: बापू, मस्कत

सुलवाडीला 2018 मध्ये देवळाच्या प्रसादानं माणसं दगावली, ते विसरलात काय? टेम्पोत भांड्याजवळ आपला एक माणूस बसवा. मी शनिवारी रात्री पोचतो, मी बसेन.

प्रेषक: डॉक्टर वहिनी

बापू, तिथे प्रसादात कीटकनाशक मुद्दाम घातलं होतं, तो गुन्हा होता. आपला प्रश्न घड्याळाचा आहे. पण बसा जरूर, टेम्पो निघाल्याची वेळ लिहून ठेवा.

प्रेषक: नंदाकाकू

मनोगतं मी बघते, तीन मिनिटांच्या वर कुणाला देणार नाही. गोडाची जबाबदारी गेली कित्येक वर्षं माझी आहे, तेव्हा मेनूत 'बासुंदी' कुणी घुसवली ते कळेल का? दुधाचा पदार्थ टेम्पोतून आणून दुपारपर्यंत ठेवायचा? कुंदा आणि मांडे ठरले होते. मांडे कोरडे, त्यांना काही होत नाही. कुंदा डब्यातून चमच्याने वाढायचा, हाताने वड्या करत बसायचं नाही. मागे एका आचाऱ्याच्या बोटाला चिंधी बांधलेली मी स्वतः पाहिलीय, आणि तो त्याच हाताने पेढे वळत होता.

प्रेषक: डॉक्टर वहिनी

काकू, अगदी बरोबर. पिकलेल्या जखमेतले स्टॅफिलोकोकस अन्नात उतरतात, त्यांचंही विष उकळून जात नाही. बोटाला जखम असलेल्याला वाढायलासुद्धा उभं करू नका.

प्रेषक: शहापूरचे अण्णा

बासुंदी मी सांगितलो. बेळगावच्या म्हशीचं दूध परदेशात मिळतंय काय?

प्रेषक: खजिनदार

बासुंदीचे पैसे मंजूर नाहीत. पुढे.

औषधपेटी माझ्याकडे आहे. मागच्या वेळी कुणीतरी उलट्या थांबायच्या आत लिंबू सरबत पाजत सुटलं होतं. यावेळी ओआरएसची पाकिटं घेतेय, एक लिटरवाली. टेट्रापॅकमधली गोड पेयं घेऊन येऊ नका, त्यात साखरच जास्त असते.

प्रेषक: बापू, मस्कत

आमच्या आईनं मीठ-साखरेच्या पाण्यावरच आम्हाला वाढवलं. पाकिटं कशाला?

प्रेषक: डॉक्टर वहिनी

पाकीट नसेल तर आईचंच करा, पण मापाने: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पिंपांतून पाजून हजारोंना वाचवलं.

जुलाब बंद करायची गोळी आपल्या मनाने कुणाला देऊ नका, ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर मुळीच नको. अँटिबायोटिकही नको, विषावर ते चालत नाही. पाणी पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली, चक्कर आली, ताप 102 च्या वर गेला, तर सिव्हिल गाठा, 108 ला फोन करा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई असेल तर वाटच बघू नका.

प्रेषक: सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्न तसाच आहे. भात कधी?

प्रेषक: नंदाकाकू

तांदूळ धुऊन, निथळून, कच्चाच हॉलवर न्या. मागच्या आवारात शेगड्या लावून साडेबाराला पहिलं पातेलं, दीडला दुसरं. गरम पातेल्यातून थेट पानात. मोठ्ठं एकच पातेलं नको, ते मधून निवायला तासन्‌तास लागतात. आमटीलाही हेच लागू.

प्रेषक: शहापूरचे अण्णा

आवाराची परवानगी नाही म्हणताय ना? हॉलचा मॅनेजर माझ्या चुलतभावाच्या वर्गात होता, मी बोलतो. पण बेळगाव बासमतीच घ्या, दुसरा तांदूळ आणलात तर मी जेवणार नाही.

प्रेषक: खजिनदार

बासमती चालेल, फरक अण्णांनी भरावा. आचाऱ्याला सांगा, जास्तीचा भात घरी न्यायला कुणी डबे आणले तरी बांधून द्यायचा नाही.

प्रेषक: बापू, मस्कत

मग मी टेम्पोत बसायचं की नाही? आणि शनिवारी सांब्र्याच्या विमानतळावर मला घ्यायला कोण येतंय?