नोकरीतल्या शिक्षकांनी एम.एड. करावं का?

माळरान:
आमच्या शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याने एम.एड.च्या, म्हणजे बी.एड.नंतरच्या शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीच्या, सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरला. स्टाफरूममध्ये जो तो एकच विचारतोय, "पगार वाढणार का?" नाही वाढणार. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदालाही पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव पुरतो, बाकी सेवाज्येष्ठता. तरीही त्याने ते करावं असं मला मनापासून वाटतं.

मी एम.एड. केलं तेव्हा माझ्या लघुशोधप्रबंधाचा, म्हणजे त्यातल्या छोट्या संशोधनाचा, विषय अपूर्णांक होता. सहावीच्या मुलांना १/२ + १/३ दिलं, तर बऱ्याच जणांचं उत्तर २/५. एरवी अशा उत्तरावर फुली पडते आणि वर्ग पुढे सरकतो. इथे चूक कुठून येते ते शोधणारी नैदानिक चाचणी होती, म्हणून एकेकाला जवळ बसवून "कसं केलंस?" असं विचारायचं होतं. एक मुलगी म्हणाली, "वरचे वर मिळवले, खालचे खाली." दुसऱ्या मुलाने भाकरी काढून दाखवली. अर्धी बरोबर, तिसरा हिस्साही बरोबर, आणि खाली उत्तर तेच, २/५. चित्रातली अर्धी भाकरी आणि वहीतला १/२ एकच, हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. चूक एकच, पण दोघांना शिकवायचं वेगळ्या वाटेने. एकेका मुलाला असं ऐकून घ्यायची शिस्त मला एम.एड.ने लावली. बी.एड.मध्ये पाठ घेण्याच्या धावपळीत ते होत नाही.

अनुदानित:
मॅडम, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो सगळ्यांना मिळतो असं समजून सल्ला देऊ नका. शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीई या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार एम.एड. दोन वर्षांचं झालं. वर्षाला किमान २०० दिवस कामकाज, ८० टक्के हजेरी. नोकरीतला माणूस हे कसं जमवणार? बिनपगारी रजा घेतली तर घराचे हप्ते थांबत नाहीत. मग कुणीतरी कानात सांगतं, "अमुक ठिकाणी नॉन-अटेंडिंग चालतं." फी भरायची, परीक्षेला जायचं, पदवी घ्यायची. शिक्षकाने, तेही शिक्षणशास्त्राची पदवी घेताना, खोट्या हजेरीवर सही करायची?

आणि ते प्रबंध! बहुतेकांचा साचा ठरलेला. एकल गट, पूर्वचाचणी, पंधरा-वीस तासिकांचा कार्यक्रम, उत्तरचाचणी, टी-मूल्य ०.०५ स्तरावर सार्थ, शून्य परिकल्पना त्याज्य (म्हणजे गुणांतला फरक नुसता योगायोग नाही), कार्यक्रम परिणामकारक. तुलनेला दुसरा गटच नाही. त्याच काळात वर्गशिक्षकानेही तो घटक शिकवलेला असतो, मुलं तीच चाचणी दुसऱ्यांदा सोडवत असतात, मग गुण वाढणारच. यात नवं काय कळलं? परिणामकारक न ठरलेला कार्यक्रम मला अजून एकाही प्रबंधात सापडलेला नाही.

रानवाट (जि.प., पालघर):
अनुदानित सरांशी सहमत. मी कोसबडच्या जवळ शिकवतो. तिथे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. त्यासाठी कुणाला एम.एड. लागलं नाही. मुलाची बोली, त्याचं घर, त्याचं पोट यांच्याकडे बघावं लागलं. माझ्या वर्गात वारली बोलणारी मुलं आहेत, पुस्तक प्रमाण मराठीत. यावर मला जे सुचलं ते मुलांच्या आयांशी बोलून सुचलं.

माळरान:
रानवाट सर, ताराबाई कोसबडला पोचल्या त्याआधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांचे विचार त्यांनी अभ्यासले होते, आपल्या मातीत ते कसे रुजवायचे यावर वर्षानुवर्षं डोकं लढवलं होतं. कुरणशाळा त्या अभ्यासाच्याही पोटी आली. आणि वारली बोलणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही जे शोधलंत ते तुमच्या वर्गाबाहेर कुणाला माहीत आहे? शेजारच्या तालुक्यातली नवी शिक्षिका पहिल्यापासून चाचपडते आहे. ते नोंदवायचं, तपासायचं आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचं कसं, हे शिकायला हवं की नको?

तासिकावाला:
मी बी.एड. कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवतो. एम.एड. आहे, शिक्षणशास्त्रात नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आहे, कायम नोकरी नाही. म्हणून पहिल्यांदा तरुणांना: प्राध्यापकी मिळेल या आशेवर हे करू नका. नुसती पात्रता हवी असेल तर बी.एड. आणि शिक्षणशास्त्रात एम.ए., दोन्हीत ५५ टक्के, हा रस्ताही बी.एड.च्या सैद्धांतिक विषयांसाठी नियमात आहे, आणि एम.ए. इग्नू या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून होतं.

पण मला खरं सलतं ते वेगळंच. आमच्या वर्गातले बरेच जण बी.एड. झालं की थेट एम.एड.ला जातात. शाळेत एक पूर्ण वर्ष सलग शिकवलेलं नसतं. साठ मुलांचा वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, अचानक मागवलेली ऑनलाइन माहिती भरणं, यातलं काही अनुभवलेलं नसतं. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद हे शिक्षणाच्या तत्त्वज्ञानातले विचारप्रवाह मात्र तोंडपाठ. उद्या हेच भावी शिक्षकांना पाठ कसा घ्यायचा ते सांगणार. माळरान मॅडमच्या सहकाऱ्यासारखे लोक आले नाहीत तर हे असंच चालत राहणार.

अनुदानित:
हा मुद्दा मला पटतो. पण मग दार त्यांच्यासाठी उघडा ना. एनसीटीईच्या २०२५च्या मसुद्यात एक वर्षाचं पूर्णवेळ एम.एड. आणि नोकरदारांसाठी दोन वर्षांचं अर्धवेळ एम.एड. आहे. अर्धवेळला माझा विरोध नाही. मात्र शाळेने शिक्षकाला वर्गासाठी शनिवार मोकळा दिला नाही आणि हजेरी प्रामाणिक राहिली नाही, तर नॉन-अटेंडिंगलाच सरकारी शिक्का मिळेल. एक वर्षात प्रबंध उरकायचा म्हटल्यावर तो एकल गटाचा साचा आणखी पक्का होईल, ही भीती आहेच.

माळरान:
भीती रास्त आहे. माझ्या सहकाऱ्याला मी एवढंच सांगितलंय, प्रवेशाआधी कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि अलीकडचे प्रबंध मागून घे. त्यात मुलांच्या वह्या, मुलांची वाक्यं दिसतात का बघ. मार्गदर्शकांना विचार, शाळेत शेवटचं कधी शिकवलं होतं. आणि ऑफिसात कुणी "रोज यायची गरज नाही" म्हणालं, तर तिथून उठून ये.