सल्ला हवा : सीताफळाच्या बागेतील गाजरगवताचे काय करावे?

सासवडचा माळ :
नमस्कार. सासवडजवळच्या आमच्या वीस गुंठ्यांत गेल्या वर्षी लावलेली सीताफळाची रोपे आहेत. पहिल्या पावसानंतर ओळींमध्ये गाजरासारख्या पानांची रोपे जमिनीला चिकटून उगवली. आता ती कमरेइतकी वाढून त्यांना पांढरी बारीक फुले येत आहेत. हे गाजरगवतच आहे ना? असल्यास तीन हजार रुपयांच्या आत त्याचा बंदोबस्त कसा करावा? चार झाडे उपटली तेव्हा माझ्या हातांवर पुरळ उठले.

दादा बागाईतदार :
गाजरगवतच आहे. मी गेल्या वर्षी बावीस हजारांचे पेट्रोलवरचे ग्रासकटर घेतले, त्यामुळे आमचे बांध दोन तासांत स्वच्छ होतात. एकदाच खर्च करून मोकळे व्हावे.

कोरडवाहू :
प्रश्नात तीन हजार लिहिले आहेत, बावीस नव्हे. शिवाय कापलेले झाड बुडख्यातून पुन्हा फुटते आणि वीतभर उंचीवरही फुलते. जमिनीत ओल असताना, फुले येण्यापूर्वी मुळासकट उपटणे हाच मार्ग आहे, कारण एका झाडापासून दहा ते पंचवीस हजार बिया पडतात. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकाला फडके हवेच. फुले आलेली झाडे मात्र खतखड्ड्यात टाकू नयेत.

पेठेतला जुना :
हे तण आपल्याकडे प्रथम 1955च्या सुमारास पुण्यातच दिसले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आले असे सांगतात, म्हणूनच त्याला काँग्रेस गवत म्हणतात.

कोरडवाहू :
आमच्याकडे ते नाव पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून पडले असे म्हणतात. प्रश्न उपटण्याचा आहे, नावाचा नाही.

मावळतीचे शिवार :
मेक्सिकन भुंगे सोडावेत. 1984 मध्ये बंगळूरला प्रथम सोडलेले हे पांढुरके, तपकिरी पट्ट्यांचे भुंगे पावसाळ्यात पानांची चाळण करतात आणि हिवाळ्यात जमिनीत दडून राहतात. आमच्या गायरानात पहिल्या वर्षी काहीच दिसले नाही, तिसऱ्या पावसाळ्यात मात्र झाडे निष्पर्ण झाली. ते सूर्यफूल खातात अशी ओरड मध्यंतरी झाली होती, पण आमच्या सूर्यफुलाला काही झाले नाही.

अनुभवी (दुखावलेला) :
कोणाचे ऐकून मिठाचे दाट पाणी फवारू नये. बांधावरचे गवत वाळले खरे, पण त्या पट्ट्यात दोन हंगाम मेथीही उगवली नाही. नंतर तणनाशक मारले, तर वाऱ्याने उडून लिंबाची तीन रोपे गेली.

दादा बागाईतदार :
वारा नसताना फवारायचे असते. ग्रासकटरला असा धोकाच नाही.

तरोट्याची बाई :
मोकळ्या पट्ट्यात टाकळ्याचे बी मेच्या अखेरीस फेकावे. आमच्या विदर्भात त्याला तरोटा म्हणतात. तो दाट उगवला की गाजरगवताला डोके वर काढू देत नाही, कोवळ्या पानांची भाजी होते, आणि बी फुकट मिळते.

सासवडचा माळ :
सर्वांचे आभार. मजूर मिळत नाहीत आणि पुरळ अजून आहे, तेव्हा शेजाऱ्याचे ग्रासकटर दिवसाला पाचशे रुपये भाड्याने आणून रविवारी कापून घेणार आहे. टाकळ्याचे बी पुढच्या मे महिन्यात टाकीन.

कोरडवाहू :
तीन आठवड्यांनी पुन्हा फुटले की कळवावे.