मजुरीचा दावा वरूडहून धारणीला हलवावा का?

नक्कलनवीस
मजूर धारणी तालुक्यातला, संत्र्याची बाग वरूडची, ठरलेल्या मजुरीचा दिवाणी दावा वरूडला चालू. (किमान वेतनाचा वाद असेल तर वाटच वेगळी.) सेमाडोह-परतवाडा करत घाट उतरायचा म्हणजे एका पेशीला (सुनावणीच्या तारखेला) दोन रोज बुडतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ (दाव्याची बदली) खाली अर्ज करून दावा धारणीला आणावा. दोन्ही कोर्टं अमरावती जिल्ह्यातली, म्हणून अर्ज जिल्हा न्यायालयातच. नागपूर खंडपीठापर्यंत जायचं काम नाही.

बांधावरचा
कायले हलवता भाऊ? वकीलपत्र असलं की तारखा वकील पाहते. सरतपास, म्हंजे त्याची स्वतःची साक्ष, शपथपत्रावर होते, मजूर लागते तो उलटतपासाले, समोरच्या वकिलाच्या प्रश्नाले. हजेरीवही अन् मालकाचा दिवाणजी (हिशेब ठेवणारा) दोन्ही वरूडले. हुकूमनामा (निकालाचा आदेश) धारणीचा घेतला तरी जप्ती वरूडच्याच बागेवर, मंग दरखास्तीसाठी, म्हंजे वसुलीसाठी, तो परत वरूडले पाठवा!

सातपुडा
अन् मजुराच्या टोळीतले साक्षीदार? ते सगळे मेळघाटातले, त्यांचं काम वकीलपत्रावर भागत नाही. दिवाणजीसाठी कमिशन मागता येतं, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस त्याची साक्ष नोंदवतो. मजूर आदिवासी असेल तर उत्पन्न न बघता विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, धारणीतही.

नक्कलनवीस
मालकाचा वकील पहिल्यांदा हेच म्हणणार की वरूड तुम्हीच निवडलं. नुसतं 'लांब पडतं' लिहिलेला अर्ज टिकत नाही. मुकादमाने मजूर धारणीत ठरवून तिथेच उचल (आगाऊ रक्कम) दिली असेल, तर दाव्याचं कारण काही अंशी धारणीत घडलं, म्हणजे दावा धारणीच्या कोर्टातही चालू शकतो. तारीख, रक्कम, कोणासमोर, सगळं लिहा. साक्षीदारांची गावं, एसटीचं भाडं आणि रोजनाम्याची (कोर्टातल्या तारखांच्या नोंदीची) नक्कल जोडा. आणि अर्ज दिला म्हणून वरूडचं काम थांबत नाही. स्थगिती वेगळी मागा, नाहीतर गैरहजेरीत दावा निकाली निघतो.

बांधावरचा
त्यापरीस दावा काढून घ्या अन् धारणीले नवा टाका.

नक्कलनवीस
हे मात्र अजिबात नको. मुदत ३ वर्षं, मजुरी देय झाल्यापासून. नव्याने दाखल करायची परवानगी मिळाली तरी मुदत मोजताना पहिला दावा नव्हताच असं धरतात. दाव्याच्या बदलीत दाखल तारीख कायम राहते आणि काम थांबलं तिथून पुढे चालवता येतं.

बांधावरचा
बरं, करा अर्ज. पण बागेचा सातबारा आधी काढा. मालक विकाच्या तयारीत दिसला तर निकालाआधी जमिनीच्या जप्तीचा अर्ज टाका. झाडावरच्या संत्र्याच्या भरवशावर राहू नका, शेतकऱ्याच्या ताब्यातलं पीक निकालाआधी जप्त होत नाही.