गर्दीच्या ठिकाणी आपण का जातो? शवप्रदर्शन, इफ्फी आणि शिरगावची जत्रा ('डिचोलीची वाट' यांचा लेख आणि त्यावर वाचकांनी आपापल्या टोपणनावांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया)

डिचोलीची वाट

2024 च्या नोव्हेंबरात आमच्या घरातून एकाच आठवड्यात दोघीजणी दोन गर्दीच्या ठिकाणी गेल्या. भाची इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी पणजीला, आणि आई जुन्या गोव्याला, सेंट फ्रान्सिस झेवियर या संताच्या जतन केलेल्या शवाच्या प्रदर्शनाला. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम दहा किलोमीटर. आई 71 वर्षांची, गुडघे धरलेले, देवघरात शांतादुर्गा. तरी 'गोंयच्या सायबा'कडे, म्हणजे झेवियरकडे, जायचंच म्हणाली आणि रांगेत तीन तास उभी राहिली. भाची पहाटे उठून ज्या सिनेमांसाठी धावत होती, त्यातले काही दोन-चार महिन्यांत फोनवर दिसले असते.

मी दोघींना विचारलं, का जाता? आई म्हणाली, शेजारीण म्हणाली 'येतेस?' म्हणून. ही शेजारीण ख्रिस्ती, तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. भाचीचंही तेच, कॉलेजच्या सगळ्याजणींनी इफ्फीची प्रवेशाची कार्डं काढली होती.

माझं म्हणणं असं की माणूस मोठ्या सोहळ्याला काय बघायला मिळेल याचा हिशेब करून निघत नाही. आपलं माणूस निघालं की आपण निघतो. निर्णय एकट्याचा नसतोच, तो ओसरीवर होतो. आम्हा गोवेकरांना हे इतकं सवयीचं आहे की आपण त्याला निर्णयसुद्धा म्हणत नाही.

मांडवीकाठ

पटलं नाही. 'येतेस?' असं शेजारीण दर महिन्याला कुठे ना कुठे विचारत असेल. आई दर वेळी तीन तास उभी राहते का? शवपेटी एरवी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिका या चर्चमध्ये असते, पण उंचावर. प्रदर्शनाच्या काळात ती सी कॅथेड्रलमध्ये आणतात, आणि माणसाला अगदी जवळून जाता येतं. हे दहा वर्षांतून एकदाच होतं. मागचं झालं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. पुढचं 2034 ला. तेव्हा तुमची आई 81 वर्षांची असेल. हा हिशेब तिने बोलून दाखवला नसेल, पण केला नक्की असेल.

माझ्या आजोबांनी 1952 चं प्रदर्शन पाहिलं होतं. तेव्हा बोललं जायचं की यानंतर पुन्हा होणार नाही, म्हणून ते पेडण्याहून निघाले. कुणी बोलावलं म्हणून नाही. 'आत्ता नाही तर कधीच नाही' हे सर्वांत मोठं कारण आहे. दुर्मिळपणा काढून घ्या, निम्मी रांग संपेल.

डिचोलीची वाट

मग आमच्या डिचोली तालुक्यातली, शिरगावची लईराई देवीची जत्रा? ती तर दर वैशाखात येते. दुर्मिळ काहीच नाही. तरी हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरलेले भक्त, येतात, मुंबईहून रजा काढून येतात.

कांदोळी

तुम्ही दोघेही देवाधर्माचीच उदाहरणं घेताय. 2007 ला आमच्याकडे सनबर्न हा संगीत महोत्सव सुरू झाला. 2016 ला तो पुण्याला गेला, पुढे परत आला, आणि 2025 ला मुंबईला गेला. त्याच्यामागून पोरं सगळीकडे गेली. त्यांना ना ओसरी, ना दहा वर्षांची वाट. आवडता कलाकार जिथे, तिथे ती. शेकडो अनोळखी माणसं एकाच ठेक्यावर हलतात ते त्यांना हवं असतं. मी पाहुण्यांना खोल्या देते, त्यातले कितीतरी एकटे येतात. एकटं येऊन गर्दीत उभं राहणं ही त्यांची स्वतःची निवड आहे, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही.

धोंड, अठरा वर्षं

माझं नाव काढल्यासारखं वाटलं म्हणून लिहितो.

मला जत्रेला कुणी बोलावत नाही. मैत्रिणीचा, कलाकाराचा, तारखेचा काही संबंध नाही. वडील धोंड होते, त्यांनी बेत, म्हणजे धोंडाची वेताची काठी, माझ्या हातात दिला. वैशाख शुद्ध पंचमीच्या आधी मी व्रत धरतो, घरापासून वेगळा राहतो, तळीवर आंघोळ करतो, एकवेळ जेवतो. पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांतून जातो. ते काही सेकंदांचं असतं. पण त्या काही सेकंदांसाठी वर्षभर मी नीट वागतो. याला 'सोहळ्याला जाणं' म्हणायचं का, मला ठाऊक नाही.

2025 मध्ये 3 मेच्या पहाटे मी तिथे होतो. देवळाकडच्या उतारावर माझ्यापासून थोड्याच अंतरावर ते झालं, ज्याला सगळे चेंगराचेंगरी म्हणतात. सहा जण त्या पहाटेच गेले. मला आधी आरडाओरडा ऐकू आला नाही, आधी पाय जमिनीवरून सुटल्यासारखे झाले. मागून कुणी ढकलत होतं असंही नाही. सगळीच माणसं एकदम पुढे सरकली आणि कुणाच्याच हातात काही राहिलं नाही.

आता बायको म्हणते, पुढच्या वर्षी जायचं नाही. आणि मला कळत नाही तिला काय सांगू.

वैद्यकीय क्षेत्रातली

धोंड भाऊ, तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे, म्हणून त्याच्या मागचं कारण सांगते. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागते. लाट येते. तुम्ही कितीही सशक्त असा, आपले पाय आपल्या ताब्यात नसतात. अशा वेळी बरेचसे मृत्यू तुडवले जाण्याने होत नाहीत, छाती चारी बाजूंनी दाबली जाऊन श्वास घेता न आल्याने होतात. उतार असला की दाब आणखी वाढतो. आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो आणि लोक घाबरून पळाले असं समजतो. ते मेलेल्यांवर अन्याय करणारं आहे. कुणी बेभान झालेलं नसतं.

आणि म्हणून मूळ लेखकांशी माझं भांडण आहे. 'आपलं माणूस निघालं की आपण निघतो' हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत. मला त्यातच धोका दिसतो. एवढी माणसं चाललीत म्हणजे सगळं ठीक असणार, असं प्रत्येकजण धरून चालतो. वाट किती रुंद, परत यायला दुसरी वाट आहे का, हे घरातून निघताना कोण विचारतं?

डिचोलीची वाट

ताई, हे मान्य. पण गर्दी माणसाला फक्त धोकाच देत नाही. अलाहाबादच्या माघ मेळ्यावर भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. महिनाभर थंडीत, गोंगाटात राहून आलेले यात्रेकरू घरी राहिलेल्यांपेक्षा स्वतःला अधिक बरे समजत होते. त्याच मेळ्यावरच्या दुसऱ्या एका अभ्यासात एक आवाज ऐकवून 'हा मेळ्याचा' म्हटलं की यात्रेकरूंना तो सुखाचा वाटे, आणि तोच 'शहरातल्या रस्त्याचा' म्हटलं की नकोसा. आपल्या माणसांत असण्याची ही ताकद आहे.

मांडवीकाठ

तो अभ्यास कल्पवासींचा. महिनाभर एकाच जागी राहायचं, रोज तीच आंघोळ, तेच शेजारी. फेब्रुवारी 2025 मध्ये महाकुंभासाठी मडगावहून प्रयागराजला खास गाड्या सुटल्या, आमच्या वाड्यावरचे काहीजण एक स्नान करून लगेच परतले. त्यांना तेच लागू कराल? महिन्याचं फळ एका दिवसाच्या पदरात टाकू नका. उलट धोंड भाऊंचं व्रत त्या कल्पवासींच्या जवळचं आहे.

वैद्यकीय क्षेत्रातली

हे बरोबर बोललात.

रायबंदर

पणजीहून जुन्या गोव्याला जाणाऱ्या वाटेवर राहणाऱ्यांचंही ऐका. शवप्रदर्शनाच्या त्या दीड महिन्यात आमच्या बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गाडी तासभर जागची हलली नाही. तरी 3 डिसेंबरला सायबाच्या फेस्ताला (सणाला) आम्हीच दारात पाण्याची घागर ठेवली, दरवर्षी ठेवतो. माझ्या बाबांना दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. मलाही.

धोंड, अठरा वर्षं

काल रात्री हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. कल्पवासींचं ऐकून ती गप्प राहिली. उताराचं ऐकून म्हणाली, मग त्या रात्री मुलाला न्यायचं नाही. तो बारा वर्षांचा आहे, गेल्या वर्षीपासून मागे लागलाय की मलाही बेत द्या. मी म्हटलं, मला वडिलांनी दहाव्या वर्षी नेलं होतं. ती म्हणाली, तेव्हा एवढी माणसं होती का?

नव्हती.

मी जाणार आहे. माझं व्रत मला मोडता येणार नाही. मुलाला नंतरच्या दिवसांत, कौलाच्या वेळी देवीच्या पायांपाशी नेईन. मोगऱ्याच्या कळ्यांचा हार त्याच्याच हातात देणार. तो रागावलाय, जेवताना बोलला नाही. तुमच्यापैकी कुणी आपल्या मुलाला असं थांबवलं असेल तर सांगा, त्याला काय म्हणालात?