अनुभव धागा: कागद टेबलावर किती वेळ नुसता पडून राहतो?

आवकजावक

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपरिषद यांत काम करणाऱ्यांसाठी हा धागा. विषय नवं तंत्रज्ञान आणि लीन. सत्कार, प्रमाणपत्रं, साहेबांविषयीच्या तक्रारी इथे नकोत. माप, क्रम आणि कुठे फसतं तेवढं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला उद्या टेबलावर करून बघता येईल.

सुरुवात मी करतो. लीन ही टोयोटाच्या कारखान्यात टाइची ओहनो यांनी घडवलेली, कामातलं वाया जाणारं काढून टाकायची पद्धत. त्यांनी वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार मांडले. आपल्या कार्यालयात त्यातले दोनच खरे जड: वाट बघणं आणि फेरकाम. हे आपल्याकडे अगदीच परकं नाही. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात कार्यालयाची मांडणी, अभिलेखांचं वर्गीकरण आणि कामाची रीत बदलली, तो 'लखिना पॅटर्न' जुन्या अव्वल कारकुनांना पाठ आहे. कागद कामाच्या अवस्थेप्रमाणे सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठे पद्धतही सगळ्यांना माहीत. फक्त गठ्ठे बांधले जातात आणि प्रतीक्षाधीनचा (उत्तराची वाट बघणाऱ्या कागदांचा) गठ्ठा उघडायचा वार ठरत नाही. मग तो माळ्यावर गेल्यासारखाच.

मोजायची रीत सोपी आहे. एकाच प्रकारचे वीस अर्ज घ्या, उदाहरणार्थ वारस नोंद. प्रत्येकावर कोरी चिठ्ठी टाचा. ज्याच्या हातात अर्ज येईल त्याने आल्याची वेळ आणि पुढे दिल्याची वेळ लिहायची, बाकी काही नाही. परत गेला तर कारण एका शब्दात: 'सही', 'नकाशा', 'रेशनकार्ड'. वीस चिठ्ठ्या भिंतीवर ओळीने लावल्या की प्रत्यक्ष काम मिनिटांत आणि पडून राहणं दिवसांत हे कुणी सांगावं लागत नाही. ज्या कारणाने सर्वांत जास्त अर्ज परत गेले ते कारण अर्जाच्या वरच मोठ्या अक्षरात छापा आणि आवक घेतानाच तपासा. संगणक त्यानंतर. आधी संगणक आणला तर तोच फेरा वेगाने फिरतो.

मागणीवसुली

घरपट्टीच्या क्यूआर कोडबद्दल लिहितो, कारण चूक सगळीकडे एकच होते. बँकेने दिलेला एकच कोड दारावर चिकटवतात. गणपतीला चाकरमानी येतात, रांगेत उभं न राहता पैसे पाठवतात, स्क्रीनशॉट दाखवतात आणि मुंबईला परत जातात. महिनाअखेरीस बँकेच्या उताऱ्यावर बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि पाठवणाऱ्याचं नाव. नाव मुलाचं किंवा जावयाचं, नमुना ८ वर (कर आकारणीच्या नोंदवहीत) मात्र आजोबा. कुठल्या मिळकतीचे पैसे हे शोधायला नंतर जो वेळ जातो त्यात रोखीच्या शंभर पावत्या फाडून होतील.

उपाय: प्रत्येक बिलावर वेगळा कोड छापा. यूपीआयच्या दुव्यात खातं, नाव, रक्कम आणि टीप असे भाग असतात. मागणीची यादी एक्सेलमध्ये असतेच. एका रकान्यात हा दुवा तयार करायचा, टीपेत मिळकत क्रमांक, रकमेत थकबाकीसह मागणी, आणि मेल मर्ज (यादीतून एकेक बिल आपोआप भरायची सोय) करून बिलं छापायची. आधी दोन-तीन वेगवेगळ्या ॲपवरून एक-एक रुपया पाठवून बघा. सगळ्याच बँका टीप उताऱ्यावर दाखवत नाहीत. न दाखवणारी बँक असेल तर शाखेत जाऊन व्यापारी खात्याचा सविस्तर अहवाल मागा.

दुसरी अडचण निधीची. घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर ग्रामनिधीत, पाणीपट्टी पाणीपुरवठ्याच्या खात्यात. एकाच कोडवर एकूण रक्कम घेतली की नंतर वर्ग करत बसा, आणि लेखापरीक्षणात त्यावर शेरा ठरलेला. म्हणून बिलावर दोन कोड, दोन रंगांच्या चौकटीत. लोक दोन्ही भरतात, फक्त चौकटीवर 'पाणी' आणि 'घर' असं ठसठशीत लिहा.

बिलं वाटायची वेळ हाही लीनचाच भाग. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरलं तर सूट, म्हणजे सप्टेंबर अखेर. घरं उघडी असतात मे महिन्यात आणि गणपतीत. वाडीवर बिल वाटप जुलैत ठेवलं तर निम्मी दारं बंद. मेमध्ये बिल आणि मोबाइल क्रमांकाची नोंद, गणपतीच्या आठवडाभर आधी संदेश, आणि नमुना १० ची पावती त्याच दिवशी. पावती उशिरा दिली की माणूस खात्री करायला पुन्हा येतो. ती खेप आपणच निर्माण केलेली असते.

टीसीएलवाला

विहिरीच्या शुद्धीकरणाचं बघा. 'एक मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाक' ही ठरलेली पद्धत पावसात हमखास चुकते. मेमध्ये विहिरीत दीड मीटर पाणी, जुलैत सहा मीटर, पावडरीचा मग मात्र तोच.

चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीला साधारण १२,५६० लिटर पाणी असतं. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर मीटरला २५ ग्रॅम क्लोरीन लागतं. पावडरची ताकद (तिच्यातला क्लोरीन) ३३ टक्के असेल तर ७६ ग्रॅम, २५ टक्क्यांना १०० ग्रॅम, २० टक्क्यांना १२५ ग्रॅम. आपल्या दमट हवेत उघडी गोणी झपाट्याने ताकद गमावते, त्यामुळे पिशवीवरच्या ३३ वर विश्वास ठेवू नका. गोणी झाकणाच्या प्लास्टिक पिंपात रिकामी करा, उघडल्याची तारीख खडूने नाही, ऑइलपेंटने लिहा, आणि नमुना तपासणीला पाठवत राहा.

विहिरीच्या आतल्या बाजूला, तळापासून मोजून, दर अर्ध्या मीटरवर रंगाची रेघ मारा. काठावर पत्र्याची पाटी: रेघ क्रमांक आणि त्यापुढे ग्रॅम. पावडर तोलून भरलेल्या १०० ग्रॅमच्या पुड्या पंपघरात. पाणी सोडणारा माणूस बदलीवर असला तरी गणित करायला लागत नाही. लीनवाले याला प्रमाणित काम म्हणतात.

क्रम: पावडरीची आधी थोड्या पाण्यात पेस्ट, मग बादली भरून ढवळणं, चुना खाली बसेपर्यंत दहा मिनिटं थांबणं, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत, ती दोराने पाण्यात सोडून वर-खाली हलवणं. गाळ विहिरीत जाऊ द्यायचा नाही. तासाभराने उपसा. ओटी चाचणी (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून बघायची) शेवटच्या नळावर घ्या, टाकीखाली नाही; तिथे ०.२ पीपीएमपेक्षा (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) कमी आलं तर मात्रा वाढवा. रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा. नंतर गडद होतो तो संयुक्त क्लोरीनचा, त्याने मन फसतं. चाचणीचं पाणी प्यायचं नाही, ओतून टाका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर नळीचा फोटो टाकायची पद्धत आहे. फोटोतला पिवळा रंग उजेडावर बदलतो, त्यावरून पीपीएम ठरवू नये. फोटोबरोबर रेघ क्रमांक आणि पुड्यांची संख्या लिहिली तरच त्या फोटोला अर्थ.

बांदेकडचो

ह्या सगळा खरा, पण लाईट गेली काय करतलास? पावसात दोन-दोन दिवस नाय.

अर्थिंगवाला

@बांदेकडचो, लाईट जाण्यापेक्षा ती परत येण्याने आणि आकाशातल्या विजेने जास्त नुकसान होतं. जांभ्यात पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत, रोध वाढलेला, आणि मे अखेरीस गडगडाट सुरू होतो नेमका तेव्हा अर्थिंग निकामी. म्हणून अर्थ टेस्टरचं माप पावसाळ्यात घेऊन उपयोग नाही, मेमध्ये घ्या. ५ ओहमच्या आत हवं. कोळसा-मीठ भरलं तर पहिली काही वर्षं छान, मग मिठाने जीआय पाइप खाल्लेला. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) टिकतं. खड्ड्याच्या तोंडाशी पाणी ओतायचा पाइप ठेवा आणि मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या ओता.

संगणकाचा प्लग काढतात आणि लॅनची वायर तशीच ठेवतात. वीज बहुतेकदा तिथूनच शिरते. ढग दाटले की दोन्ही काढायच्या, हे दारावर लिहून ठेवा.

वीज गेल्यावर ६०० व्हीएचा यूपीएस एका संगणकाला दहा-पंधरा मिनिटं देतो. ती काम जतन करायला. लेझर प्रिंटर त्यावर कधीच लावू नका, चालू होताना तो एवढा प्रवाह ओढतो की यूपीएस बसतो. राउटरला मात्र १२ व्होल्टचा छोटा स्वतंत्र यूपीएस द्या. काही तास नेट राहतं आणि मोबाइलवरून तरी दाखला निघतो.

कसरपट्टी

जुनी दप्तरं स्कॅन करणाऱ्यांना दोन-चार गोष्टी. पावसाळ्यात करू नका. कागद ओल पिऊन लाटेसारखा होतो, काचेवर वाफ धरते. डिसेंबर ते मार्च बरा. जुना कागद स्वयंचलित फीडरमधून घालायचा नाही, सपाट काचेवरच. छापील कागदाला २०० डीपीआय करडा पुरतो. हस्तलिखित आणि मोडी ३०० डीपीआय रंगीत, कारण फिकट शाई करड्यात कागदातच मिसळते.

स्कॅन करण्याआधी वर्गीकरण. अ वर्ग कायमचा, ड वर्ग वर्षभराने नष्ट करायचा. सगळंच स्कॅन करणारे नष्ट करायचे कागद आधी जपून ठेवतात आणि मग शोधत बसतात. फाइलचं नाव 'स्कॅन००१' ठेवलं तर ती हरवलीच. गाव, नमुना, वर्ष, पान या क्रमाने, आणि इंग्रजी आकड्यात, कारण मराठी आकड्यांची नावं काही जुन्या प्रणाल्यांत चौकोन होऊन दिसतात.

कपाटं जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब. भिंतीला लागलेल्या गठ्ठ्याची मागची बाजू ऑगस्टमध्ये हाताला ओली लागते.

दोनदोनसह्या

ई-ऑफिसबद्दल (फायली संगणकावर फिरवायची सरकारी प्रणाली) कौतुक ऐकून कंटाळा आला म्हणून लिहितोय. टिपणी छापायची, सही घ्यायची, स्कॅन करायची, ई-ऑफिसवर चढवायची आणि 'हार्ड कॉपीही द्या'. काम दुप्पट. कुठली प्रत अंतिम, हे लेखी आदेशात एका ओळीत आलं नाही तोवर प्रणाली सुरूच करू नये.

आवकजावक

@दोनदोनसह्या, पूर्ण मान्य. तशी ओळ असलेला कार्यालयीन आदेश स्थायी आदेश संचिकेत लावून ठेवा, बदलून येणारा पहिल्यांदा तीच उघडतो.

चुनखडी

स्वामित्व योजनेच्या (गावठाणातल्या मिळकतींचे नकाशे करायच्या) ड्रोन मोजणीत आपल्या घरांचा घोळ होतो. ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत नाही. वळचण भिंतीबाहेर दोन-तीन फूट येते, त्यामुळे ड्रोनचं क्षेत्र नमुना ८ पेक्षा जास्त निघतं. माड-फणसाखालची पडवी तर दिसतच नाही. उड्डाणाच्या आदल्या दिवशी चुन्याची रेघ मिळकतीच्या हद्दीवर मारायची, छपराच्या सावलीत नाही, आणि कोपऱ्यावरची झावळी तोडून. रात्री पाऊस झाला तर रेघा पुन्हा. नकाशा आल्यावर जागेवर पडताळणीला शेजारी दोघेही हजर ठेवा, हरकत तिथेच मिटते.

मागणीवसुली

एक राहिलं. ई-ग्रामस्वराजवरची (ग्रामपंचायतींच्या हिशोबाचं पोर्टल) देयकं मार्चमध्ये अडकतात ती बहुधा निधीमुळे नाही, डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपल्यामुळे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, दोघांच्या टोकनवर (स्वाक्षरी साठवलेलं पेनड्राइव्हसारखं यंत्र) मुदतीची तारीख चिकटपट्टीने लावा आणि दीड महिना आधी नूतनीकरण सुरू करा. सरपंच बदलले तर जुनी स्वाक्षरी काढून नवीन जोडायलाच वेळ जातो, ते काम निवडीच्या आठवड्यातच हाती घ्या. आणि टोकनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा. संगणक फॉरमॅट झाला की तोच नेमका सापडत नाही.